टॉवर कूलर की जाळीचं कॅबिनेट?

गेम सुरू केला की पीसी तापतो आणि खर्चायला चार-पाच हजारच आहेत. ते टॉवर कूलरवर (प्रोसेसरवर बसणाऱ्या उंच कूलरवर) घालावेत की पुढून जाळी असलेल्या कॅबिनेटवर? माझं मशीन रायझन ५ ५६०० प्रोसेसर आणि आरटीएक्स ३०६० टीआय ग्राफिक्स कार्डाचं, कॅबिनेटचं तोंड अख्खं काचेचं. मित्राचंही जवळपास तसंच. त्याने टॉवर घेतला, मी कॅबिनेट बदललं, त्यामुळे दोन्ही जवळून बघायला मिळालं.

टॉवर खरंच चांगला आहे. ५६०० बरोबर येणाऱ्या छोट्या कूलरला हीट पाइप, म्हणजे प्रोसेसरची उष्णता वाहून नेणाऱ्या नळ्याच नसतात. थर्मलराइटच्या पीअरलेस असॅसिन १२० एसईला सहा आहेत, वर दोन फॅन. तो बसवल्यापासून मित्राचा प्रोसेसर निवांत असतो. व्हिडिओ रेंडरिंगसारखं प्रोसेसरला दमवणारं काम रोजचं असेल तर सरळ टॉवर घ्या. फक्त त्याची उंची १५५ मिमी आहे, ती तुमच्या कॅबिनेटमध्ये मावते का ते आधी बघा.

गेमिंगचं गणित मात्र वेगळं. ३०६० टीआय २०० वॉटचं कार्ड, तर ५६०० चा टीडीपी (कूलरला साधारण किती उष्णता काढावी लागेल तो आकडा) ६५ वॉट. म्हणजे पेटीतली बहुतेक उष्णता कार्डाची, आणि काचेमुळे पुढून हवा नीट येतच नाही. कार्ड आपलीच गरम हवा पुन्हा ओढतं, टॉवरच्याही वाट्याला तीच येते.

मला सगळ्यात जास्त छळलं ते कार्डाच्या फॅनच्या चढत्या-उतरत्या आवाजाने. मारामारी सुरू झाली की घोंघाट, मेनू उघडला की शांत, लगेच पुन्हा घोंघाट. एकसारख्या आवाजाची कानाला सवय होते, या हेलकाव्यांची नाही. रात्री घरातले झोपलेले असताना तर तो अंगावर यायचा, आणि माइकवरून टीममधल्या पोरांनाही ऐकू जायचा. टॉवर लावूनही मित्राकडे हा प्रकार तसाच आहे. माझ्याकडे जाळी आल्यावर फॅन एका संथ लयीत फिरतात. कार्डाचं तापमानही उतरलं, पण मला मोल आहे ते शांततेचं.

जाळीचेही त्रास आहेतच. अख्खा पीसी उकलून नव्या पेटीत बसवण्यात एक दुपार जाते. फिल्टर ठरावीक दिवसांनी धुवावा लागतो. रस्त्यालगत घर असेल तर जरा लवकरच. बाहेर फेकणाऱ्या फॅनपेक्षा आत घेणारे जास्त ठेवले की हवा मुख्यतः फिल्टरमधून येते आणि फटींतून शिरणारी धूळ कमी होते. आणि खोलीच्या तापमानाखाली यातलं काहीच जाणार नाही. नागपूरच्या मे महिन्यात दोन्हीकडून अपेक्षा बेतानेच ठेवा.

तुमच्या मशीनचं दुखणं वेगळंही असू शकतं, म्हणून खर्चाआधी एक करा. कॅबिनेटची बाजूची काच काढून तोच गेम थोडा वेळ खेळा आणि कार्डाचं तापमान बघा. ते चांगलं उतरलं तर अडचण हवेची आहे, पैसे कॅबिनेटवर घाला. कार्ड आधीच थंड असेल आणि उघड्या पेटीतही प्रोसेसरच तापत असेल, तर थर्मल पेस्ट (प्रोसेसर आणि कूलरमधला उष्णता वाहून नेणारा लेप) बदलून बघा, मग टॉवरकडे वळा. कॅबिनेट निवडताना १६० मिमीपर्यंतचा कूलर मावेल असंच घ्या, म्हणजे पुढे हात सैल झाला की त्यातच टॉवर बसवता येईल.