माउथ पेंट की चघळायची गोळी?

दम्याचा पंप ओढून चूळ न भरण्याचा आळस मला एप्रिलमध्ये भोवला. जिभेवर आणि गालाच्या आत पांढरे चट्टे आले. रविवारी तर्री-पोह्याच्या पहिल्याच घासाला डोळ्यांत पाणी! डॉक्टरांनी कॅन्डिडा, म्हणजे तोंडातली बुरशी, सांगितला आणि क्लोट्रिमाझोल या बुरशीवरच्या औषधाचा १ टक्क्याचा माउथ पेंट (तोंडात लावायचं पातळ औषध) लिहून दिला. दुसऱ्या खेपेला (हो, दुसरी खेपही आली) त्याच औषधाची १० मिलिग्रॅमची चघळायची गोळी दिली. औषध तेच, त्यामुळे प्रश्न उरतो तो एवढाच, की ते चट्ट्यावर टिकतं किती वेळ.

पेंट वाईट नाही. कुठल्याही मेडिकलमध्ये मिळतो, नेमका चट्ट्यावर लावता येतो. लहान लेकरांच्या घशात गोळी अडकू शकते, त्यांच्यासाठी तिचा विचारच नको. पण पेंट लावल्यावर अर्धा तास पाणी प्यायचं नाही. नागपुरात, मे महिन्यात! उन्हातून यायचं आणि माठाकडे बघत ओठ मिटून बसायचं. बायको विचारते, "काहून जी, बोलत काहून नाही?" मी नुसतं बोटानं तोंड दाखवतो. दिवसातून चारदा हा तमाशा, आणि एवढं करून ते गोड, चिकट औषध दहा मिनिटांत लाळेसोबत पोटात. घड्याळ लावून मोजलं नाही, पण चव गेली की कळतंच ना. मी पेंटला वैतागलो तो इथेच.

गोळीचं उलट आहे. ती न चावता पंधरा-वीस मिनिटं हळूहळू विरघळू द्यायची. जी लाळ पेंट धुऊन नेते, तीच इथे औषध घेऊन गालाच्या कोपऱ्यांत फिरते. गोळी संपल्यावरही लाळेत ते तीनेक तास राहतं म्हणतात. कटकट इथेही आहे: दिवसाला पाच, १४ दिवस, म्हणजे ७० गोळ्या. दुपारची हमखास विसरायचो. आमच्या गल्लीत मिळाली नाही, बर्डीवर (सीताबर्डीच्या बाजारात) दोन चकरा झाल्या. तोंड कोरडं असेल तर ती टाळूला चिकटून बसते. आधी घोटभर पाणी प्यायलं की जमतं. शुगर असेल तर गोळीत साखर आहे का, तेवढं विचारून घ्या.

बुरशीवरचीच फ्लुकोनॅझोलची कॅप्सूल गिळणं सगळ्यांत सोपं, मान्य. पण ती रक्तातून फिरते, आणि आमच्या बाबांसारखं रक्त पातळ करणारं वॉरफॅरिन चालू असेल तर रक्त जास्तच पातळ होण्याची भीती. ते डॉक्टरांवर सोडा. बाबांना कवळीही आहे. ती रात्री काढून घासली नाही तर बुरशी तिथूनच परत येते.

मोठ्या माणसानं डॉक्टरांना एकदा गोळीबद्दल विचारून बघावं, असं आपलं माझं मत. डिसेंबरात कदाचित मला पेंटही चालला असता. त्याची अर्धी बाटली अजून बेसिनवरच्या फळीवर आहे. पंपही आता तिच्याच शेजारी ठेवतो, म्हणजे ओढला की नळ समोरच असतो.