यू आकाराचा सेल: काही महिने चालवल्यानंतरचा अनुभव

आमच्या मशीन शॉपमध्ये पूर्वी सगळे लेथ एका रांगेत, व्हीएमसी (कॉम्प्युटरवर चालणारी उभी मिलिंग मशीन) दुसऱ्या बाजूला आणि ड्रिलिंग पार टोकाला असायचे. एकाच कुटुंबातल्या, म्हणजे सारख्याच क्रमाने बनणाऱ्या फ्लँजांसाठी (पाइप जोडायच्या भोकं असलेल्या चकत्या) आम्ही त्यातली काही मशीन वेगळी काढून, लेथपासून अंतिम तपासणीपर्यंत कामाच्या क्रमाने यू आकारात बसवली. अशा एकत्र बसवलेल्या मशीनच्या गटाला सेल म्हणतात. आता हा सेल सगळ्या शिफ्टमध्ये रुळला आहे, म्हणून लिहितोय.

मशीन हलवण्याआधी सगळ्यांना पटवलं ते एका साध्या हिशोबाने. 5 ऑपरेशन्स, प्रत्येकाला 1 मिनिट, 100 नगांची बॅच. पूर्ण बॅच झाल्यावरच माल पुढे ढकलला तर पहिला तयार नग 401व्या मिनिटाला हातात येतो आणि शेवटचा 500व्या. एकेक नग पुढे दिला तर पहिला पाचव्या मिनिटाला आणि शेवटचा 104व्या. मशीन तीच, वेग तोच. प्रत्यक्षात सेटिंग असतं, मशीन थांबतात, त्यामुळे आकडे इतके सरळ येत नाहीत. पण फरक खराच पडतो. मशीनच्या मधे साचणारे अर्धवट मालाचे बिन जवळपास गेले.

चालणं वाचेल, जागा वाचेल असं आधी वाटत होतं, आणि ते वाचलंही. पण माझ्या मते खरा फायदा रिजेक्शनमध्ये आहे. लेथवर इन्सर्टचं (कापणाऱ्या पात्याचं) टोक उडालं आणि बोअर, म्हणजे मधलं भोक, लहान येऊ लागला, तर पुढच्या मशीनच्या फिक्स्चरवर (नग पकडायच्या साच्यावर) जॉब बसतच नाही. तिथला माणूस लगेच हाक मारतो. दोन-तीन नगांत विषय संपतो आणि कारणही ताजं सापडतं. पूर्वी हाच दोष पुढच्या शिफ्टमध्ये, पूर्ण बिन झाल्यावर कळायचा. तोवर इन्सर्ट बदललेला, ऑफसेट (टूलच्या जागेची मशीनमधली दुरुस्ती) बदललेला, मग चूक कुठे झाली यावर नुसते वाद.

आता त्रास. सेलमध्ये एक मशीन थांबलं की सगळेच थांबतात. पूर्वीचे साठे बिघाड झाकायचे, आता झाकायला काही नाही. म्हणून व्हीएमसीच्या आधी मोजक्याच नगांची एक छोटी रॅक मुद्दाम ठेवली आहे. ती भरली की लेथवाला थांबतो. ज्यांची देखभाल मशीन बंद पडल्यावरच सुरू होते, त्यांनी आधी ती सवय मोडावी, मग लेआउटला हात लावावा.

सेटिंगचंही, म्हणजे नव्या जॉबसाठी मशीन तयार करण्याचंही, तसंच. एका जॉबवरून दुसऱ्यावर जायला खूप वेळ लागत असेल तर लोक आपोआप मोठ्या बॅचकडे परततात. जपानी उत्पादनतज्ज्ञ शिगेओ शिंगो यांनी टोयोटात 1000 टनी प्रेसचं 4 तासांचं सेटिंग आधी दीड तासावर आणि पुढे 3 मिनिटांवर आणलं. आम्ही त्याच्या आसपासही नाही. पण त्यांचा पहिला नियम, म्हणजे मशीन चालू असताना जे करता येतं ते आधीच उरकणं, एवढ्यानेही बराच वेळ सुटला. जबडे, टूल, गेज ट्रॉलीवर तयार असतात.

मांडणी यू झाली म्हणून उत्पादन वाढत नाही, हेही सांगायला हवं. शिफ्टमध्ये 450 मिनिटं कामाची आणि मागणी 150 नगांची असेल, तर दर 3 मिनिटांनी एक नग निघायला हवा. व्हीएमसीला 3 मिनिटं 20 सेकंद लागत असतील तर सेल कितीही सुबक असो, 135च्या वर जाणार नाही. आमच्याकडे व्हीएमसीवरची काही भोकं ड्रिलिंगकडे वळवली तेव्हाच गाडी पुढे सरकली.

जागा आखताना मशीनच्या मागच्या बाजूकडे नीट बघा. इलेक्ट्रिक पॅनेलचं दार पूर्ण उघडलं पाहिजे, कूलंटची टाकी ओढून बाहेर काढता आली पाहिजे, आणि चिप्सची ट्रॉली बाहेरूनच फिरली पाहिजे. कच्चा मालही बाहेरूनच द्यावा, ऑपरेटरच्या वाटेत येऊ नये. आतली जागा आम्ही साधारण दीड मीटर ठेवली. ऐसपैस केली असती तर चालणं परत आलं असतं.

माणसांचा भाग सगळ्यात नाजूक. 1940च्या दशकाच्या अखेरीस टोयोटाच्या उत्पादन पद्धतीचे जनक ताइइची ओनो यांनी तिथे एका कामगाराकडे अनेक मशीन दिली, तेव्हा जुन्या कारागिरांनी विरोध केला होता. तो विरोध मला समजतो. आयुष्यभर टर्नर (लेथचा कारागीर) म्हणून नाव कमावलेल्या माणसाला ड्रिलिंग आणि तपासणीही बघ म्हणताना शिकायला वेळ, आणि वाढलेल्या कौशल्याची पगारात नोंद, दोन्ही मिळालंच पाहिजे. त्याशिवाय तीन मशीन देणं म्हणजे निव्वळ जास्त काम लादणं आहे, आणि माझा त्याला विरोध आहे. शिकलेल्या माणसांमुळे मागणी कमी असेल त्या दिवशी सेल दोघांवर चालतो, वाढली की तिसरा उभा राहतो.

हीट ट्रीटमेंट (भट्टीत तापवून धातूचे गुण बदलणं) मात्र सेलच्या बाहेरच आहे. भट्टी बॅचनेच भरावी लागते, त्यामुळे ज्या नगांना ती लागते त्यांचा प्रवाह तिथे तुटतो आणि बिन पुन्हा साचतात. तुमच्याकडे असे नग जास्त असतील, किंवा दर ऑर्डरला ऑपरेशन्सचा क्रमच बदलत असेल, तर जुनी मांडणीच ठेवा. क्रम सारखा असलेले आणि नियमित मागणीचे नग असतील तरच सेल करा, आणि तोही आधी एका कुटुंबापुरता.