उष्णताप्रिय जिवाणूंचे अमायलेज: मूळ जिवाणूपासून मिळवावे की ई. कोलायकडून?

स्टार्च घातलेल्या आगरवर आयोडीन ओतल्यानंतर वसाहतीभोवती स्वच्छ वलय दिसले (म्हणजे तेथील स्टार्च तुटला), की अमायलेज, म्हणजे स्टार्च तोडणारे विकर, त्याच जिवाणूच्या संवर्धनद्रवातून शुद्ध करावे, की त्याचे जनुक ई. कोलाय या प्रयोगशाळेत सहज वाढणाऱ्या जिवाणूमध्ये घालून तेथे तयार करून घ्यावे, हा निर्णय घ्यावा लागतो.

बॅसिलस आणि जिओबॅसिलस या प्रजातींतील (genus) जिवाणू हे विकर पेशीबाहेर सोडतात, ही पहिल्या मार्गाची सोय आहे. पेशी न फोडता, सेंट्रिफ्यूजनंतरच्या नितळ द्रवातून अमोनियम सल्फेटने प्रथिने खाली बसवायची, डायलिसिस करायचे (पातळ पडद्यातून क्षार काढून टाकायचे) आणि मग आयन-विनिमय (विद्युतभारानुसार वेगळे करणारे) व जेल-गाळणीचे (आकारानुसार वेगळे करणारे) कॉलम चालवायचे, असा हा क्रम आहे. प्रत्येक पायरीवर विकराचा काही भाग हातातून जातो. शिवाय, जेल-गाळणीत वापरले जाणारे सेफाडेक्स हे डेक्स्ट्रान या शर्करेच्याच साखळ्यांचे बनलेले असल्याने काही अमायलेजे त्याला चिकटून उशिरा बाहेर पडतात आणि रेणूभार खऱ्यापेक्षा कमी भासतो. म्हणून तो एसडीएस-पेजवर (प्रथिने रेणूभारानुसार वेगळी करणाऱ्या जेलवर) ताडून पाहणे आवश्यक ठरते. मात्र जिवाणू प्रत्यक्षात किती अमायलेजे स्रवतो, हे स्टार्चयुक्त जेलवरील झायमोग्राममध्ये (जेलमध्ये प्रत्येक विकराची क्रिया पट्ट्याच्या रूपात दाखवणाऱ्या चाचणीत) केवळ याच मार्गाने दिसते.

दुसऱ्या मार्गासाठी जनुकाचा क्रम माहीत असावा लागतो. तो असेल, तर विकराची उष्णतासहिष्णुता हीच शुद्धीकरणाची पायरी बनते, आणि माझ्या मते या मार्गाचे खरे आकर्षण हेच आहे: फोडलेल्या पेशींचा अर्क ६५ ते ७० अंश सेल्सिअसवर २०–३० मिनिटे ठेवला, की ई. कोलायची स्वतःची अमायलेजे धरून बहुतेक प्रथिने गोठून खाली बसतात, आणि उरलेले काम हिस्टिडीन-शेपटी (प्रथिनाच्या टोकाला जोडलेली, निकेलला चिकटणारी हिस्टिडीनांची साखळी) व निकेल कॉलम करतो. त्या कॉलमवर ईडीटीए (धातूंचे आयन बांधून घेणारे रसायन) नेऊ नये, कारण ते निकेल ओढून घेते. बहुसंख्य अल्फा-अमायलेजांना स्थैर्य देणारे कॅल्शियमही ते काढून नेते. प्रथिन अविद्राव्य गोळ्यांच्या रूपात साचले, तर मात्र सगळी सोय संपते.

जिवाणू नवा असेल आणि त्याच्याकडे काय आहे हेच विचारायचे असेल, तर पहिला मार्ग धरावा, मग उत्पन्न कमी आले तरी चालेल. गतिकी, स्फटिकरचना किंवा उत्परिवर्तने यांसाठी मिलिग्रॅममध्ये विकर हवे असेल, तर दुसऱ्याला पर्याय नाही.

गुणधर्म तपासताना होणाऱ्या चुका दोन्हीकडे सारख्याच आहेत. ट्रिस या नेहमीच्या बफरचा सामू दर अंशाला सुमारे ०.०२८ने घसरतो, २५ अंशांवर ८ असलेला बफर ९० अंशांवर साधारण ६.२ होतो, म्हणून बफरचा सामू प्रयोगाच्याच तापमानाला लावावा. फॉस्फेट बफर कॅल्शियमला बांधून ठेवतो. डीएनएस (डायनायट्रोसॅलिसिलिक आम्लाची) पद्धत क्षपणक शर्करा, म्हणजे साखळ्यांची मोकळी टोके, मोजते, तर आयोडीन पद्धत लांब साखळ्या तुटल्याचे सांगते. साखळ्यांना मधोमध तोडणारे विकर आयोडीनचा निळा रंग झपाट्याने घालवते, पण तेवढ्या वेळात क्षपणक शर्करा फारशी वाढत नाही, त्यामुळे दोन्ही पद्धती शेजारी शेजारी वापराव्यात. केवळ ‘इष्टतम तापमान’ देणे अपुरे आहे, कारण ५ मिनिटांच्या आणि ६० मिनिटांच्या प्रयोगात ते वेगवेगळे येते. त्यासोबत एका ठरावीक तापमानावरचे अर्धायुष्य (क्रियाशीलता निम्मी होण्यास लागणारा वेळ), कॅल्शियमसह आणि कॅल्शियमविना, नोंदवावे.