रत्नागिरीत फ्लॅटचा सर्च रिपोर्ट: पैसे वसूल, फक्त फोन उचलत नाहीत

वकिलांना जाहिरात करायची मुभा नसते, म्हणून माझ्या वकिलांचं नाव लिहीत नाही. कोर्टापासून चालत जाण्याइतक्या अंतरावर पहिल्या मजल्यावर ऑफिस आहे, बाहेर एक बाकडं, आत छतापर्यंत दप्तरं. सर्च रिपोर्टचं, म्हणजे फ्लॅट घेण्याआधी मालकीचे जुने कागद तपासून द्यायचं माझं काम त्यांनी कसं केलं ते सविस्तर लिहिते, म्हणजे तुम्ही कुठल्याही वकिलाकडे गेलात तरी काय मागायचं ते कळेल.

मी जिल्हा परिषदेची निवृत्त शिक्षिका. राजापूरकडच्या वाड्यांमध्ये नोकरी झाली, आता गुडघ्यांमुळे आणि दवाखान्यासाठी रत्नागिरीत लिफ्ट असलेला फ्लॅट हवा होता. पैसे निवृत्तीचे, कर्ज काढायचं नव्हतं. कर्ज नसलं की बँकेचा वकीलही मध्ये नसतो, म्हणजे आपल्याआधी कागद कोणीच वाचलेले नसतात. सर्च रिपोर्ट आणि करारनाम्याचा मसुदा तपासणे, दोन्ही मिळून 12,500 रुपये घेतले. सर्च फी आणि नकलांचा खर्च वेगळा. याहून कमी पैशात ‘टायटल क्लिअर’ असं एक पान लिहून देणारेही गावात आहेत.

पहिला फ्लॅट मुलाने पुण्याहून फोटो बघून पसंत केला होता. मिरजोळ्याकडे, एमआयडीसीच्या निवासी भूखंडावर. जुनी पण धडधाकट इमारत, भाव बाजारापेक्षा कमी. वकिलांनी आधी भाव का कमी आहे ते विचारलं, मग मूळ भाडेपट्टा मागवला. पट्टा 1983 चा, 95 वर्षांचा. म्हणजे 2078 ला संपणार. मला ती वर्षं पुरून उरतील, पण ते म्हणाले, “बाई, तुमच्या नातीला विकायचा असेल तेव्हा गिऱ्हाईक उरलेली वर्षं मोजेल.” भाडेपट्ट्याचं घर वाईट असं त्यांचं म्हणणं अजिबात नव्हतं. नवी मुंबईत सिडकोच्या 60 वर्षांच्या पट्ट्यावर लोक संसार करताहेतच की. बघायचं ते एवढंच: मुदत कुठल्या तारखेपासून सुरू होते, नूतनीकरणाचं कलम आहे का आणि ते कोणाच्या मर्जीवर, विकताना जमीनमालक संस्थेची परवानगी लागते का, आणि हस्तांतरणाचं शुल्क घेणाऱ्याने भरायचं की विकणाऱ्याने. पट्ट्याची शर्त मोडली तर पट्टा रद्द करता येतो, तेव्हा आधीच्या मालकाने काय उद्योग केलेत तेही आपल्याच डोक्यावर.

तो व्यवहार मात्र वर्षांवरून नाही फिसकटला. आम्हाला विकणाऱ्या गृहस्थांनी स्वतः तो फ्लॅट नोटरी केलेलं साठेखत (पुढे विकण्याचा करार) आणि कुलमुखत्यारपत्र यांवर घेतला होता. नोंदणी नाही, एमआयडीसीची परवानगी नाही. अशा कागदांनी मालकी मिळत नाही हे सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्येच स्पष्ट केलेलं आहे. एजंट म्हणत राहिला, “मॅडम, इथे सगळे असंच करतात.” विषय संपला.

दुसरा फ्लॅट नाचणे गावाच्या बाजूला, नवीन इमारत, ग्रामपंचायत हद्द. महारेराचा (बांधकाम प्रकल्पांची नोंदणी करणाऱ्या सरकारी प्राधिकरणाचा) नंबर होता, बिनशेतीचा आदेश होता, नकाशा मंजूर होता. बिल्डरच्या ऑफिसात गुळगुळीत फाइल आणि वर सरबत. मी तो नंबर मोठ्या विश्वासाने वकिलांपुढे ठेवला. ते म्हणाले, नोंदणी हवीच, पण महारेरा काही जमिनीच्या मालकीची हमी देत नाही. माहिती बिल्डरनेच भरलेली असते.

इथून पुढचं काम मला खरंच आवडलं. सातबारा आता 15 रुपयांत डिजिटल सहीचा मिळतो, तो काय कोणीही काढेल. यांनी त्यावरच्या फेरफारांचे (जमिनीवरची नावं-हक्क बदलल्याच्या नोंदींचे) नंबर उतरवून घेतले आणि एकेक जुना फेरफार तहसीलच्या अभिलेखातून काढायला लावला. सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यात कुळकायद्याच्या कलम 43 ची नोंद होती, म्हणजे कुळाला मिळालेली जमीन परवानगीशिवाय विकता येत नाही अशी शर्त. आपल्या कोकणात खोती आणि कुळं यांतून सुटलेल्या जमिनी गावोगाव आहेत, त्यामुळे ही नोंद बघून घाबरायचं कारण नाही, पण सोडूनही द्यायची नाही. त्यांनी 32-म चा दाखला (कुळाने जमीन खरेदी केल्याचा) मागितला आणि नजराणा भरल्याचं चलन मागितलं. 2014 च्या दुरुस्तीनंतर, खरेदीला दहा वर्षं झाली असतील तर आकाराच्या (जमिनीच्या सरकारी साऱ्याच्या) चाळीस पट भरून ती शर्त सुटते. चलन होतं. बिल्डरच्या फाइलमध्ये ते नव्हतं, जमीनमालकाच्या घरी ट्रंकेत निघालं.

खरी गोष्ट निघाली ती वारस नोंदीच्या फेरफारात. म्हातारे जमीनमालक वारले 1988 ला, वारस म्हणून लागले तीन मुलगे. त्यातल्या दोघा मुंबईकरांनी तिसऱ्याला मुखत्यारपत्र दिलेलं, आणि त्याने बिल्डरशी विकसन करारनामा केलेला. वरवर सगळं ठीक. वकिलांनी पेन्सिलने त्या तीन नावांखाली रेघ ओढली आणि मला विचारलं, “बाई, तुम्ही शाळेत होतात. एका घरात तीन भाऊ आणि बहीण एकही नाही, असं किती वेळा बघितलंत?” मग त्यांनी तलाठ्याकडे नाही, सरळ वाडीत चौकशी करवली. एक बहीण निघाली, लग्न होऊन डोंबिवलीला. 1956 च्या कायद्यापासून मुलगी वडिलांच्या हिश्श्याची वारस आहेच, आणि 2005 च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत ती मुलाच्या बरोबरीने आली. सातबाऱ्यावर नाव लागलं नाही म्हणून हक्क जात नाही, कारण सातबारा हा महसुलासाठीचा कागद. तिने हक्कसोडपत्र करून दिलेलं नव्हतं. कोणी मागितलंच नव्हतं म्हणे.

दुसरी भानगड तारखांची. मुखत्यारपत्र देणाऱ्या भावांपैकी एक, विकसन करारनाम्यावर सही होण्याच्या चार महिने आधी वारलेला. माणूस गेला की त्याचं मुखत्यारपत्र संपतं. म्हणजे त्याच्या वतीने झालेली सही कोणाची? दोन्ही तारखा बिल्डरच्याच फाइलमध्ये होत्या, वेगवेगळ्या पानांवर.

बिल्डर आधी चिडला, मग त्याच्या लक्षात आलं की हे माझ्या एकटीचं नाही, सगळ्या इमारतीचं दुखणं आहे. बहीण आणि वारलेल्या भावाची बायको-मुलं यांचं नोंदणीकृत मान्यतापत्र करायचं ठरलं. कधी? अर्थात गणपतीत. आपल्याकडे जमिनीचे निम्मे प्रश्न गणपतीला चाकरमानी येईपर्यंत थांबतात आणि गौरी गेल्या की पुन्हा वर्षभर थांबतात. यावेळी गौरी-विसर्जन झाल्यावर ऑफिस उघडलं त्याच दिवशी सगळ्यांना दुय्यम निबंधकाकडे बसवलं. बहिणीला तिचा वाटा मिळाला का ते मी विचारलं. भावांनी काहीतरी दिलं असं कळलं, किती ते नाही.

करारनाम्याच्या मसुद्यात आणखी एक वाक्य त्यांनी पकडलं, जे मी दोनदा वाचून पुढे गेले असते: इमारत पूर्ण झाल्यावर जमीन सोसायटीला ‘विक्रीने अथवा दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने’ देण्यात येईल, निवड विकासकाची. म्हणजे आज मालकीची म्हणून विकायची आणि उद्या जमीन आपल्याकडे ठेवून सोसायटीला भाडेकरू करायचं. ‘अथवा’पासून पुढे सगळं खोडायला लावलं आणि ‘अभिहस्तांतरण’ (मालकी कायमची नावावर करून देणं) असा शब्द घालून घेतला. मोफा या फ्लॅटमालकीच्या महाराष्ट्राच्या कायद्याच्या कलम 11 प्रमाणे प्रवर्तकाने आपला हक्क सोसायटीला द्यायचाच असतो, आणि नाही दिला तर मानीव अभिहस्तांतरणाची (बिल्डरच्या सहीशिवाय सरकारी आदेशाने मालकी मिळवण्याची) वाट आहे, पण तिथे फेऱ्या मारण्यापेक्षा आधीच नीट लिहून घेतलेलं बरं. बिल्डरने करार नोंदवण्याआधी वीस टक्के मागितले होते, तेही दहावर आणले. रेरा कायद्यात तीच मर्यादा आहे. फ्लॅट माझ्या एकटीच्या नावावर घेतल्याने मुद्रांक शुल्कात बाईमाणसाची एक टक्का सवलतही मिळाली.

आता तक्रारी. फोन उचलत नाहीत, निरोपाला उत्तर संध्याकाळी उशिरा. रिपोर्ट इंग्रजीत दिला. चाळीस वर्षं मराठीत शिकवलेल्या बाईला इंग्रजी रिपोर्ट कशाला? हट्ट धरल्यावर मराठीत दोन पानं हाताने लिहून दिली आणि ती मूळ रिपोर्टपेक्षा जास्त उपयोगी निघाली. पार्किंगचा विषय मीच काढेपर्यंत निघाला नाही, आणि माझी जागा नकाशात पाण्याच्या टाकीवर दाखवलेली होती. सीआरझेडबद्दल (समुद्र-खाडीकाठच्या बांधकामावरचे निर्बंध) रिपोर्टमध्ये एकच ओळ आहे. माझा फ्लॅट खाडीपासून लांब, म्हणून चाललं. भाट्ये, गणपतीपुळे, गुहागरकडे समुद्राकाठी घेणाऱ्यांनी 2019 ची अधिसूचना आणि त्या जागेचा सीआरझेड नकाशा यांवर वेगळं लेखी मत मागावं.

पाचपैकी चार. घाई असलेल्यांनी यांच्याकडे जाऊ नये, टोकन देऊन बसलेल्यांनी तर नाहीच, कारण टोकनच्या आधी गेलात तरच त्यांच्या खोडसाळ प्रश्नांचा उपयोग आहे. सकाळी कोर्टाच्या वेळेत बाकड्यावर ताटकळत बसावं लागतं, साडेपाचनंतर जा. सातबारा आणि आठ-अ (खातेदाराच्या जमिनींचा उतारा) स्वतः काढून न्या. कारकून झेरॉक्सचे पैसे जरा सढळ हाताने लावतो.