इमोजी अपडेटची फाइल आणि दिवाळीआधी गेलेले ४४,४९९ रुपये

सगळ्यात महत्त्वाचं आधी सांगून टाकते. ‘इमोजी अपडेट’ म्हणून कुणी फाइल पाठवली तर उघडू नका, मग ती सख्ख्या बहिणीच्या नंबरवरून आलेली असली तरी. अँड्रॉइड फोनमध्ये इमोजी असे बाहेरून आणून बसवायचे नसतातच. हे मला २०२३ च्या दसऱ्याला माहीत असतं तर माझे ४४,४९९ रुपये वाचले असते, आणि माझ्यापायी एका काकूंचे ९,८०० रुपये गेले नसते. मला जास्त लागलंय ते काकूंचं. म्हणून आज सगळं लिहायला बसले आहे.

मी सांगलीत घरगुती फराळाच्या ऑर्डरी घेते. चकली, अनारसे, भाजणी, पातळ पोह्यांचा चिवडा. ऑर्डरी बहुतेक व्हॉट्सॲपवर येतात. त्यासाठी लेकीने ग्रुप करून दिला होता, नावापुढे पणतीचा इमोजी लावून. ११२ जण होते त्यात. ॲडमिन मी एकटीच. हा तपशील लक्षात ठेवा, पुढे लागेल.

माझा फोन २०१९ च्या सुरुवातीला घेतलेला, अँड्रॉइड ९ वर अडकलेला. व्हॉट्सॲप उघडलं की ती पणती व्यवस्थित दिसायची. पण मेसेज आल्यावर वरून जी पट्टी खाली येते ना, तिच्यात पणतीच्या जागी काट मारलेला चौकोन. फोनच्या नंबरांच्या यादीतही तसंच. माझ्या मनाने घेतलं की ग्राहकांनाही हा चौकोनच दिसत असणार. दिवाळीच्या ऑर्डरींचा ग्रुप आणि नावापुढे फुली! मला ते फार अशुभ वाटायचं.

दसरा मंगळवारी होता. गुरुवारी संध्याकाळी आमच्या भिशीच्या ग्रुपवर एका ओळखीच्या बाईंच्या नंबरवरून मेसेज आला. जुन्या फोनवर सगळे नवीन इमोजी, दिवाळी स्पेशल, पणती, रांगोळी, चकली. खाली फाइल, नावाच्या शेवटी एपीके, म्हणजे ॲप बसवायची फाइल. आणि एक ओळ: ‘फोनने सूचना दाखवली तर तरीही इन्स्टॉल करा दाबा, ॲप नवीन असल्याने सूचना येते.’

त्या बाई गेली अकरा वर्षं भिशीत आहेत. मुलीच्या लग्नाचे दागिने त्यांच्याबरोबर जाऊन घेतलेत मी. त्यांनी पाठवलंय म्हटल्यावर शंका कुठून येणार? त्या बिचाऱ्यांनी काही पाठवलंच नव्हतं, त्यांचं व्हॉट्सॲप आदल्याच रात्री चोरांच्या हातात गेलं होतं, हे मला तीन दिवसांनी कळलं.

फाइल दाबली. फोनने आधी विचारलं, व्हॉट्सॲपमधून आलेली अनोळखी ॲप बसवायला परवानगी देता का. दिली. मग दुसरी सूचना, हे ॲप धोक्याचं असू शकतं. मेसेजमध्ये आधीच सांगून ठेवलेलं असल्यामुळे मला उलट खात्रीच पटली, की बघा, सांगितलं तसंच होतंय. बसल्यावर ॲपने एसएमएस वाचण्याची परवानगी मागितली. इमोजी मेसेजमध्येच वापरतो, म्हणून मागत असेल, असा विचार मी केला. शेवटी एक पान उघडलं, त्यावर इंग्रजीत आणि मोडक्यातोडक्या मराठीत लिहिलं होतं की इमोजी चालू करण्यासाठी फक्त १ रुपया भरा. एटीएम कार्डाचा नंबर, मुदत आणि मागचे तीन आकडे. मी चष्मा लावून, कार्ड ओट्यावर ठेवून, एकेक आकडा तपासून भरला. मग एक चक्र फिरत राहिलं, ९९ टक्क्यांवर थांबलं. कंटाळून फोन ठेवला आणि भाजणी भाजायला घेतली. रात्री बघितलं तर त्या ॲपचं चिन्हच फोनमधून गायब. नीट बसलं नसेल म्हणून सोडून दिलं.

शुक्रवारी सकाळी किराणा दुकानात गेले. हरभरा डाळ २० किलो, तेलाचे दोन डबे, साखर. सगळं बांधून झालं, क्यूआर स्कॅन केला, तर शिल्लक अपुरी. दुकानदार म्हणाले, “ताई, रेंजचं असेल, परत करा.” परत तेच. शेजारच्या एटीएममध्ये कार्ड घातलं. १,३१२ रुपये. त्या खात्यात लोकांचे फराळाचे ॲडव्हान्स होते.

तिथेच पायरीवर बसून एसएमएस उघडले. जाहिरातींच्या गर्दीत सगळं पडलेलं होतं. रात्री २ वाजून ११ मिनिटांनी ओटीपी. २ वाजून १२ मिनिटांनी १९,९९९ रुपये वजा. २ वाजून १९ मिनिटांनी दुसरा ओटीपी, लगेच २४,५०० वजा. त्याखाली व्हॉट्सॲपचा सहा आकडी कोड. मी तर झोपले होते. ते आकडे माझ्या फोनमध्ये आले आणि तिथूनच पुढे गेले. एसएमएस वाचायची परवानगी मीच दिली होती.

बँकेला फोन करून कार्ड बंद केलं. मग १९३० ला फोन लावला. हा सायबर फसवणुकीचा देशभराचा नंबर आहे, तिथे खाते, रक्कम, वेळ आणि व्यवहाराचा क्रमांक विचारतात, म्हणून ते एसएमएस पुसू नका. तक्रार सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी साइटवरही नोंदवता येते. माझ्या पैशांपैकी ८,००० रुपये पुढच्या खात्यात गोठवता आले आणि कोर्टाच्या आदेशानंतर पाच महिन्यांनी परत मिळाले. बाकीच्याची गिफ्ट व्हाउचर घेतली गेली होती. तेवढे तास मी झोपलेली नसते तर कदाचित आणखी काही अडवता आलं असतं.

बँकेने भरपाई दिली नाही, आणि त्याचा नियम मला तेव्हाच समजला. तेव्हा रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक लागू होतं. त्यात असं होतं: दोष तुमचाही नाही आणि बँकेचाही नाही, तिसऱ्याच कुठल्या चुकीने पैसे गेले आणि तुम्ही तीन कामाच्या दिवसांत कळवलं, तर तुमचं नुकसान शून्य. पण कार्डाची माहिती तुम्ही स्वतः दिली असेल तर बँकेला कळवेपर्यंतचं सगळं नुकसान तुमचं. कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. म्हणून फोन करायला एक मिनिटही थांबू नका. मी कार्ड बंद केल्यावर वीस मिनिटांनी ९,००० रुपयांचा तिसरा प्रयत्न झाला होता, तो फसला.

संध्याकाळी दीर आले. त्यांचं पत्रिका छापायचं दुकान आहे. त्यांनी आधी सिम काढून एका साध्या बटणांच्या फोनमध्ये घातलं, म्हणजे नवे ओटीपी तरी चोरांना दिसू नयेत. मग सेटिंगमधल्या ॲपच्या यादीत ते लपलेलं ॲप शोधलं. काढून टाकायचं बटण दाबलंच जात नव्हतं, कारण त्याने फोनच्या व्यवस्थापनाचा अधिकार घेऊन ठेवला होता. सुरक्षेच्या सेटिंगमध्ये जाऊन तो अधिकार काढला, मग ॲप निघालं. तरीही त्यांनी फोन पूर्ण रिसेट केला. फोटो गेले, पण तेच बरोबर होतं.

मी रडतरडत विचारलं, की इतकं साधं चित्र आणायला गेले तर हे कसं झालं. तेव्हा त्यांनी समजावलं ते मी जन्मात विसरणार नाही. “वहिनी, इमोजी चित्र नाही, अक्षर आहे. फॉन्ट म्हणजे अक्षरांचा संच. आपल्याकडे पूर्वी शिवाजी फॉन्टमध्ये केलेली पत्रिका दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर उघडली की काय व्हायचं? तो फॉन्ट तिथे नसला की सगळी गिचमिड. तसंच हे. पणतीला एक नंबर आहे. तो नंबर तुमच्या फोनला मिळतोय, पण त्या नंबरचं अक्षर फोनच्या फॉन्टमध्ये नाही, म्हणून चौकोन.”

हे नंबर युनिकोड नावाची संस्था ठरवते. पणती, साडी, रिक्षा आणि देऊळ हे चारही इमोजी एकाच वर्षी, २०१९ च्या मार्चमध्ये मंजूर झाले. त्या वर्षीच्या अँड्रॉइड १० मध्ये ते आले. माझा फोन ९ वर थांबलेला, म्हणून त्यातल्या फॉन्टमध्ये पणती नाही, एवढंच. व्हॉट्सॲप स्वतःचे इमोजी स्वतःबरोबर आणतं, म्हणून त्याच्या आत ती दिसायची. आणि माझ्या फोनवर चौकोन दिसतो म्हणजे ग्राहकाला दिसतो असं अजिबात नाही. त्याच्या फोनमध्ये अक्षर असेल तर त्याला पणतीच दिसते. ज्या काळजीपायी मी हे सगळं केलं, ती काळजीच खोटी होती.

आणि चकलीचा इमोजी? तो युनिकोडच्या यादीतच नाही. रांगोळीचाही नाही. जे अस्तित्वातच नाही ते देतो म्हणणारा माणूस चोर आहे, हे मला कळायला हवं होतं, पण हे कुणी कधी सांगितलंच नव्हतं.

तर खरोखर नवीन इमोजी हवे असतील तर काय करायचं? सेटिंगमध्ये सिस्टीम अपडेट बघा. प्ले स्टोअरमधून व्हॉट्सॲप आणि कीबोर्ड अपडेट करा. अँड्रॉइड १२ आणि पुढच्या फोनमध्ये इमोजीचा फॉन्ट गुगल प्ले सर्व्हिसेसमधून आपोआपही येऊ शकतो, आपण काही करायचं नसतं. कंपनीने फोनचे अपडेट बंद केले असतील तर चौकोन राहू द्या. यातल्या कशालाही पैसे पडत नाहीत, एक रुपयासुद्धा नाही. कार्डाचा नंबर लागत नाही. एसएमएस वाचायची परवानगी लागत नाही. २०२३ च्याच जूनमध्ये मुंबई पोलिसांनी गुलाबी व्हॉट्सॲप नावाच्या बनावट ॲपबद्दल लोकांना सावध केलं होतं, ती बातमी मी वाचलीही होती. पण गुलाबी नको एवढंच डोक्यात राहिलं. रंग बदलून, नाव बदलून तीच फाइल फिरते. कधी वाहनाचं चलन म्हणून, कधी लग्नाची पत्रिका म्हणून. २०२४ च्या ऑक्टोबरात गुगलने भारतात अशी बाहेरून आलेली, एसएमएस वाचू पाहणारी ॲप अडवण्याची सोय आणायची घोषणा केली. चांगलं आहे, पण तिच्या भरवशावर राहू नका.

आता जे सांगायला मला सगळ्यात जड जातंय ते.

शुक्रवारी सकाळीच माझं व्हॉट्सॲप बंद पडलेलं होतं. चोरांनी तो सहा आकडी कोड वापरून माझा नंबर त्यांच्या फोनवर चालू केला होता. असं केलं की आपण ज्या ज्या ग्रुपमध्ये असतो ते ग्रुप त्यांना मिळतात. सकाळी साडेनऊला माझ्या नावाने माझ्याच फराळाच्या ग्रुपवर ती फाइल पडली. लेकीने पाहिलं आणि मला फोन केला, “आई, ग्रुपवर लिहू का, की हे तू पाठवलेलं नाही?” मी नको म्हटलं. लोकांचे ॲडव्हान्स गेलेत हे कळलं तर ऑर्डरी रद्द होतील, लोक पैसे मागायला येतील, दिवाळी तोंडावर आलीय. आधी तक्रार होऊ दे, मग सांगू, असं मी म्हटलं. फाइल काढून टाकणं लेकीच्या हातात नव्हतं, कारण ॲडमिन एकटी मी, आणि माझ्या जागी तेव्हा ते होते.

शनिवारी सकाळी फोन साफ झाल्यावर व्हॉट्सॲप परत चालू करायला घेतलं. कोड टाकला की चोर आपोआप बाहेर पडतो, पण त्यांनी स्वतःचा पिन लावून ठेवला होता. तो माहीत नसेल तर सात दिवस थांबावं लागतं. ४ नोव्हेंबरपर्यंत मी माझ्याच ग्रुपबाहेर. फाइल तिथे तशीच. तुमच्या व्हॉट्सॲपला दोन टप्प्यांची पडताळणी आजच लावून ठेवा, म्हणजे दुसऱ्या कुणाला तिथे स्वतःचा पिन लावता येत नाही. आणि ग्रुपला दुसरा ॲडमिन ठेवा.

शनिवारी संध्याकाळी मी अखेर लेकीला ग्रुपवर लिहायला सांगितलं. वहीतून नंबर काढून मीही एकेकाला फोन लावत बसले. चौतिसावा फोन त्या काकूंचा. निवृत्त शिक्षिका आहेत, एकट्या राहतात, दर वर्षी दोन किलो अनारसे नेतात. त्या म्हणाल्या, “अगं, तुझी ती फाइल मी काल रात्री घेतली. आज सकाळी पेन्शनच्या खात्यातून ९,८०० गेलेत. मी तुलाच विचारणार होते.”

भाऊबीज झाल्यावर मी त्यांच्याकडे गेले. हातात अनारशांचा डबा होता आणि पाकिटात ३,००० रुपये, तेवढेच जमले होते. त्यांनी पाकीट घेतलं नाही. डबा घेतला, बाजूला ठेवला. थोडा वेळ काहीच बोलल्या नाहीत. मग विचारलं, “तुला शुक्रवारी सकाळी कळलं होतं ना?”

मी हो म्हटलं.

त्या उठून चहा टाकायला आत गेल्या.