लशीची परीक्षा कोणावर : हॅमस्टर की माकड?

यावल-रावेरकडे केळीचं नवं रोप कोणी एकदम अख्ख्या शेतात लावत नाही, आधी चार ओळी लावून बघतात. करोनाच्या लशीचंही तसंच. पण त्या चार ओळी कुठे लावायच्या?

साधा उंदीर कामाचा नव्हता, कारण २०२०चा मूळ विषाणू त्याच्या पेशींना नीट चिकटतच नाही. सीरियन हॅमस्टरला (उंदरासारखाच एक छोटा प्राणी) मात्र लागण होते, वजन घटतं, फुप्फुसं सुजतात आणि साधारण दोन आठवड्यांत तो सावरतो. म्हणजे लस दिलेला आणि न दिलेला यांतला फरक लगेच कळतो. खर्च कमी, जागा थोडी, संख्या हवी तेवढी.

ऱ्हिसस माकडाची प्रतिकारशक्ती आपल्या फार जवळची, हे त्याचं मोठं बळ. आजार मात्र त्याला बहुधा सौम्यच होतो. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने कोव्हॅक्सिनसाठी २० माकडं घेतली, पाच-पाचांचे चार गट केले. तीन गटांना लशीचे वेगवेगळे प्रकार दिले, चौथ्याला लस नाही. दुसऱ्या डोसनंतर १४ दिवसांनी मुद्दाम विषाणू दिला. लस घेतलेल्यांच्या फुप्फुसांत न्यूमोनिया दिसला नाही, चौथ्या गटात दिसला. (या माकडांच्या मुलखाची पश्चिमेकडची दक्षिण सीमा आपल्या तापीपर्यंत मानतात!)

माझ्या मते चाळणी हॅमस्टरवरच लावावी. माकड मिळणं अवघड, सांभाळणं त्याहून अवघड, आणि त्या जिवाचं मोलही आहेच. त्याच्याकडे निवडक, शेवटचा प्रश्नच न्यावा. कोव्हॅक्सिनची चाचणी दोघांवरही झाली.