चष्मेवाल्यांसाठी ८ × ४२ दुर्बीण : खाडीतल्या बोटीवरचा अनुभव

मुलुंडहून पूल ओलांडला की ऐरोली. ठाणे खाडी २०१५ साली फ्लेमिंगो अभयारण्य झाली, २०२२ मध्ये रामसरच्या, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीतही गेली, पण माझ्या डोळ्यांना मात्र एवढी वर्षं फक्त गुलाबी रेघ दिसायची. दोष भाऊजींच्या १० × ५० दुर्बिणीचा. (पहिला आकडा किती पट मोठं दिसतं तो, दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास, मिलिमीटरमध्ये.) बोटीवर इंजिनाची थरथर असतेच, वर आमचे साठीचे हात. पक्षी दहापट मोठा होतो तसा थरकापही दहापट होतो. पाच मिनिटांत गरगरायला लागायचं.

म्हणून यंदा साडेआठ हजारांना ८ × ४२ घेतली. दुकानदार "मॅडम, दहाचीच घ्या, लांबचं दिसेल" म्हणून मागे लागला होता. मी हिशेब केला. ४२ ला ८ ने भागा, सव्वापाच. ५० ला १० ने भागा, पाच. डोळ्यात येणारा उजेड जवळपास तेवढाच, मग गळ्यात जादा ओझं कशाला?

बोट भरती बघून सुटते, ओहोटीला नुसता चिखल. आम्हाला सकाळी साडेसातची वेळ मिळाली. परतताना पाणी उतरू लागलं आणि कडेच्या चिखलावर थवा उतरला. डोळ्याजवळचे रबरी कप आत फिरवले, चष्म्यासकट अख्खं गोल चित्र दिसलं. (कप बाहेर ठेवले तर नळीतून बघितल्यासारखं होतं, हे मला दुर्बीण घेतल्यावर दोन दिवसांनी कळलं होतं.) पुस्तकातले रोहित, बोटीवर सगळ्यांचे फ्लेमिंगो. यांच्या इथे दोन जाती, धाकटा आणि थोरला. धाकट्याची चोच गडद लाल, लांबून काळीच वाटते. थोरल्याची गुलाबी, फक्त टोक काळं. हा फरक मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिला. मान खाली, चोच उलटी करून पाण्यात, आणि पाय जागच्या जागी चिखल तुडवताहेत. मधेच एक राखाडी, मळकट, लग्नात साध्या कपड्यांत आल्यासारखा. ते यांचं कोवळं पोर. शेजारच्या कुटुंबाने तेवढ्यात "सेल्फी, सेल्फी" करत शिट्ट्या मारल्या. थवा उठला. त्यांना काय बोलणार.

आत नायट्रोजन भरलाय, धुकं धरणार नाही, असं दुकानात सांगितलं होतं. आत नाहीच धरत. बाहेरून धरतं. एसी गाडीतून उतरून दमट हवेत आलात की पहिली दहा मिनिटं पदराने पुसत बसा. नाहीतर काचा खाली करून या.

पट्टा बरा आहे, मानेला रुतत नाही. पुढची झाकणं मात्र अगदीच सैल. एक खाडीत गेलं. दुकानात विचारलं तर "सुटं मिळत नाही". आता त्या भिंगावर नातवाचा जुना मोजा चढवते. छान बसतो.